आमंत्रणाच्या मेसेजमधून तारखा काढणं : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. पुण्यात पेठांमधे कार्यक्रमांना तोटा नाही, व्याख्यानं, गाण्याच्या बैठकी, पुस्तक प्रकाशनं, वर्धापनदिन, हळदीकुंकू, वर्षभर काही ना काही चालूच असतं, आणि सगळ्याची बातमी फिरते ती व्हॉट्सॲपवर. मेसेज येतो, दोन दिवसांत शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली जातो, आणि कार्यक्रम होऊन गेल्यावर कळतं की अरे, याला तर जायचं होतं. तर हे मेसेज एका ठिकाणी टाकायचे, त्यातून तारीख, वेळ, ठिकाण काढायचं आणि एक साधं कॅलेंडर बनवायचं, जे कुणीही आपल्या फोनला जोडून घेईल. वाचनालयातल्या ताई मेसेज गोळा करून देणार, कॅलेंडर दाखवायची बाजू मित्र बघणार, तारखा माझ्याकडे.

ताईंनी दिलेला पहिलाच नमुना (नाव-नंबर काढून):

"सप्रेम नमस्कार. वाचनालयाचा ५० वा वर्धापनदिन येत्या शनिवारी दि. १८ रोजी सायं. ठीक ५ वा. शुक्रवार पेठ येथील सभागृहात साजरा होत आहे. तरी सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. संपर्क : ..."

माणसाला हे वाचायला काही लागत नाही. पण बघा, यात एक पन्नास आहे, एक अठरा आहे, एक पाच आहे, एक दहा आकडी मोबाईल नंबर आहे, शनिवार आहे आणि शुक्रवारही आहे. महिना नाही. वर्ष नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारखा वाचणाऱ्या तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आहेत, आधी त्यांनाच विचारू, स्वतः लिहायची हौस नंतर.

१२ जानेवारी, रविवार

डेटयुटिल. पायथनवाल्यांकडे ही असतेच. तिच्या पार्सरला (मजकूर वाचून तारीख काढणारा भाग) फझी नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की वाक्यातले न कळणारे शब्द सोडून देते आणि उरलेल्यातून तारीख जुळवते. महिन्यांची नावं इंग्रजीच कळतात, पण तिच्यातला पार्सर-इन्फो क्लास घेऊन त्यात आपली नावं भरता येतात, म्हणून जानेवारी ते डिसेंबर भरली. काही उपयोग नाही. कारण ती वाक्याचे तुकडे पाडते तेव्हा एकेक कॅरेक्टर घेऊन "हे अक्षर आहे का" असं पायथनला विचारते, आणि युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) हिशोबात आपल्या काना-मात्रा-वेलांट्या ही अक्षरं नाहीत, ती चिन्हं. त्यामुळे "जानेवारी" शब्द म्हणून तिच्यापर्यंत पोचतच नाही, ज, मग काना, मग न, मग मात्रा असा सुटासुटा पोचतो. देवनागरी आकडे मात्र बिनबोभाट चालतात, पायथनला "१८" आणि इंग्रजीतला अठरा सारखेच.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. जे सापडलं नाही ते ही लायब्ररी आजच्या तारखेतून उचलून भरते. फक्त "१८" मिळाले तर चालू महिना, चालू वर्ष. आज ते योगायोगाने बरोबर येईल. ३० जानेवारीला आलेल्या "दि. २ रोजी" या मेसेजला २ जानेवारी मिळेल, आणि उत्तर बघून कळणारही नाही की यातलं वाचलेलं किती आणि मनाने भरलेलं किती. दिवस आधी की महिना आधी, तर डिफॉल्ट महिना आधी, ते बदलता येतं, ठीक. पण ही बाजूला.

१५ जानेवारी, बुधवार

डेटपार्सर. मुळात वेब स्क्रेपिंगसाठी लिहिलेली, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या पानांवर जो तारखेचा छोटा तुकडा असतो, "तीन दिवसांपूर्वी" छाप, तो वाचायला. दोनशेच्या वर लोकेल (भाषा-प्रदेशांचे संच) आहेत आणि मराठी त्यात आहे, महिने आणि वारांची नावं सीएलडीआर या युनिकोडच्याच कोशातून घेतलेली. शिवाय सर्च-डेट्स म्हणून फंक्शन आहे, त्याला अख्खा मजकूर द्या, ते तारखा शोधून देतं. आपल्याला हेच तर हवंय.

नमुना दिला. आलेल्या उत्तरांमधे एक तारीख तेविसाव्या शतकातली, साल २२८० च्या आसपास. वर्धापनदिन फारच लांब गेला. ती कुठून आली ते लगेच कळलं, संपर्काचा मोबाईल नंबर. दहा आकडी संख्या दिसली की डेटपार्सर तिला युनिक्स टाइमस्टॅम्प समजते, १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद, आणि आपले मोबाईल नंबर नेमके दहा आकडी. सहाने सुरू होणारा नंबर २१६० च्या पुढे पडतो, नवांनी भरलेला २२८६ मधे. गंमत म्हणून मित्राला त्याच्या नंबरची तारीख काढून पाठवली, तो म्हणाला "अरे मग तेव्हाच भेटू".

उपाय सोपा आहे. लायब्ररी कोणकोणते पार्सर वापरते त्याची यादी सेटिंगमधे देता येते, त्यातून टाइमस्टॅम्प काढला, आणि सलग आकड्यांतून तारीख काढणारा नो-स्पेसेस त्या यादीत मुळातच नसतो, तो तसाच बाहेर राहू दिला, कारण मेसेजमधे पिनकोड असतात आणि मला ४११०३० मधून कुठली तारीख निघते ते बघायचंच नाहीये. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा स्पष्ट लिहून दिला. हे आवश्यकच, कारण निम्मे मेसेज मराठी-इंग्रजी मिसळलेले, आणि लायब्ररीला मजकूर इंग्रजी वाटला की ती अमेरिकन क्रम धरते, मग ५/३ म्हणजे ३ मे.

१८ जानेवारी, शनिवार

आता पेठा.

सर्च-डेट्सने नमुन्यातून वार शोधला तो शुक्रवार. शनिवार नाही सापडला. म्हणजे ज्या वारी कार्यक्रम आहे तो नाही, ज्या पेठेत आहे तो मात्र सापडला. कारण कोशात "शनिवार" आहे, "शनिवारी" नाही. आपण कार्यक्रम शनिवार होत आहे असं कधी म्हणतच नाही, शनिवारी म्हणतो, आणि पेठेचं नाव मात्र प्रत्यय न लागता जसंच्या तसं येतं. शिवाय नुसता वार मिळाला की डिफॉल्ट सेटिंगमधे लायब्ररी मागचा वार देते, म्हणजे उत्तर आलं ते होऊन गेलेल्या शुक्रवारचं. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, सोमवारपासून रविवारपर्यंत एकही सुटलेला नाही, वर शनिवारवाडा. साताऱ्यात, कोल्हापुरात, सोलापुरात वारांच्या पेठा, नाशकात रविवार कारंजा. एका मेसेजमधे तर "बुधवारी सायं. ६ वा., शनिवार पेठ, मंगळवार पेठेतील सभासदांनी वेळेवर यावे" असं होतं. तीन वार, त्यातला तारखेच्या कामाचा एक.

पण यातच उत्तर पण आहे. प्रत्यय लागलेला वार (शनिवारी, शनिवारच्या, शनिवारपासून) हा जवळजवळ नेहमी खरा वार असतो. कोरा वार असेल तर त्याच्या पुढचा शब्द बघायचा, पेठ, पेठेत, पेठेतील, वाडा, कारंजा आला तर ते ठिकाण, आणि "दि." किंवा "दिनांक" किंवा सरळ आकडा आला तर तो वार. लायब्ररीला जी विभक्ती अडचणीची वाटते तीच आपल्याला सांगतेय की हे काय आहे.

महिन्यांचंही तसंच, "जानेवारीत", "मार्चमध्ये", "१५ ऑगस्टला", "३१ मार्चअखेर", "जूनपासून". प्रत्यय काढून मूळ शब्द काढायला मराठीचं पूर्ण व्याकरण नकोय, वार आणि महिने मिळून एकोणीस शब्द, त्यांना लागणारे प्रत्यय मोजके, एक टेबल पुरतं. पूर्ण स्टेमर (कुठल्याही शब्दाचे प्रत्यय काढून मूळ शब्द देणारा प्रोग्राम) आणून बसवायचा विचार आला होता तो सोडून दिला, डास मारायला तोफ कशाला.

१९ जानेवारी, रविवार

आज फक्त दोन गोष्टी, पण दोन्ही अशा की मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुणालाही लागतील.

पहिली. डेटपार्सरने एका मेसेजमधून "जुलै" शोधला. मेसेज होता जल व्यवस्थापनावरच्या व्याख्यानाचा, जुलैचं नाव नाही त्यात. बराच वेळ सोर्स वाचल्यावर कारण सापडलं. लायब्ररी मजकूर तपासायच्या आधी तो सपाट करते, म्हणजे युनिकोडमधे ज्या चिन्हांचा प्रकार "एमएन" आहे ती सगळी काढून टाकते. युरोपातल्या भाषांसाठी हे शहाणपणाचं आहे, अक्षरांवरचे ॲक्सेंट कुणी टाइप करतं, कुणी करत नाही, म्हणून काढूनच टाकायचे. पण आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे त्याच प्रकारात येतात. काना, वेलांटी, ओकार वेगळ्या प्रकारात, ते वाचतात. त्यामुळे "जुलै" चं होतं "जल", "मे" चं होतं "म", "जून" चं "जन", शुक्रवारचं "शकरवार". कोशातले शब्दही असेच सपाट केलेले असतात म्हणून साधारणपणे जुळतं, आणि फायदा असा की कुणी "जुन" ऱ्हस्व लिहिला तरी तो चालतो. तोटा म्हणजे जल हा जुलै आणि जन हा जून. आता ग्रुपवर "जण" ऐवजी "जन" लिहिणारे किती आहेत ते वेगळं सांगायला नको, "सहलीला १२ जन नक्की" म्हणजे १२ जून.

दुसरी गोष्ट पायथनच्या स्वतःच्या रेजेक्समधली, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सोयीतली. महिने मीच शोधू म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी, म्हणजे शब्दाची सीमा, लावून पॅटर्न लिहिले. मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर ते डिसेंबर सापडतात. जानेवारी, फेब्रुवारी, मे, जुलै अजिबात नाहीत. काही दिसतंय का? जे चार सापडत नाहीत ते वेलांटीने किंवा मात्रेने संपतात. बिल्ट-इन रेजेक्सच्या मते वेलांटी हा शब्दाचा भागच नाही, तिच्यानंतर जागा आली तर दोन्ही बाजूंना "शब्द नसलेलं" काहीतरी, मग सीमा कुठली. उलट बाजूने "रविवार" हा पॅटर्न "रविवारी" मधे बरोब्बर सापडतो, कारण र नंतरची वेलांटी त्याला शब्दाबाहेरची वाटते. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर, असले प्रकार जास्त घातक.

यावर उपाय म्हणजे रेजेक्स याच नावाचं वेगळं पॅकेज मिळतं ते, त्यात चिन्हं शब्दाचा भाग धरली आहेत. डेटपार्सरसुद्धा आतून तेच वापरते. ते लावलं, चारही महिने परत आले.

निर्णय : मजकुरात शोधायचं काम लायब्ररीकडे द्यायचं नाही. शोधणार मी, मिळालेला तुकडा साफ करून द्यायचा, मग लायब्ररीने त्याची तारीख करायची.

२६ जानेवारी, रविवार

छोटी नोंद. "आॅगस्ट" आणि "ऑगस्ट" स्क्रीनवर सारखे दिसतात, पण पहिल्यात आ आणि त्यावर वेगळा चंद्र आहे, दुसऱ्यात ऑ हे एकच अक्षर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमधे फिरवलेल्या मजकुरात पहिला प्रकार हमखास असतो, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन एक करत नाही, आपणच करायचे. ऑक्टोबरचं तेच. मग "वेळः" आणि "६ः३०", इथे लोक कोलनच्या जागी विसर्ग टाकतात, कीबोर्डवर तोच हाताशी असतो. आकडे निम्मे देवनागरी निम्मे इंग्रजी, एकाच तारखेत दोन्ही पण बघितले. हे सगळं अगदी सुरुवातीला एका फंक्शनमधे साफ करून घेतलं. कंटाळवाणं काम, पण याच्यानंतर बाकीचं निम्मं आपोआप सुटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

वेळ. तारखेच्या आधी वेळ काढून घ्यायची आणि मजकुरातून पुसून टाकायची असं ठरवलं, नाहीतर "सायं. ६.३०" मधले सहा आणि तीस तारखेत घुसतात.

साडेसहा, सव्वासहा, पावणेसात, दीड, अडीच हे कुठल्याच लायब्ररीत नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. पावणे मागे नेतं, बाकीचे पुढे, दीड आणि अडीच स्वतंत्र, आणि "पाऊण वाजता" म्हणजे पावणेएक, ते मेसेजमधे एकदाही आलं नाही पण यादीत ठेवलं. "साडे सहा" तोडून, "साडेसहा" जोडून, "साडे ६" असंही. स., दु., सायं., रा. यावरून सकाळ-संध्याकाळ ठरते. काहीच लिहिलं नसेल आणि नुसतं "६ वा." असेल तर संध्याकाळ धरायचा मोह होतो, पण योगवर्गवाले सकाळी सहालाच बोलावतात. तिथे अंदाज नाही, शंका म्हणून बाजूला ठेवायचं.

खरी मजा "वा" ची. "२५ वा वर्धापनदिन सायं. ५ वा." पहिला वा क्रमाचा, दुसरा वाजताचा. टिंबावर विसंबता येत नाही, लोक टिंब देतात किंवा देत नाहीत. पुढे नाम आलं (वर्धापनदिन, स्मृतिदिन, प्रयोग, वाढदिवस) तर क्रम, आणि मागे सायं., दु., ठीक, किंवा सकाळी-संध्याकाळी असं काही असेल तर वेळ. दोन्ही नसेल आणि आकडा बारापेक्षा मोठा असेल तर क्रमच. "१०० वी जयंती", "७५ वे वर्ष" याला वी-वे असल्याने प्रश्न नाही, मराठीतलं लिंग असं कधीतरी कामाला येतं.

९ फेब्रुवारी, रविवार

"उद्या", "येत्या रविवारी", "पुढच्या महिन्यात ५ तारखेला". याला पाया लागतो, कुठल्या दिवसापासून उद्या? डेटपार्सरमधे रिलेटिव्ह बेस म्हणून सेटिंग आहे, तिथे मेसेज ज्या दिवशी आला ती तारीख द्यायची. दिली नाही तर प्रोग्राम चालवला तो दिवस धरते, म्हणजे तोच मेसेज आज एक उत्तर देणार आणि आठवड्याने दुसरं. परवा हा शब्द मात्र वगळलाच, तो मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद बघितल्याशिवाय कळत नाही आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी.

मेसेज कधी आला ते एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमधे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला असतं. पण ती तारीख फोनच्या रीजनप्रमाणे पडते, ताईंच्या फोनमधून दिवस आधी, दुसऱ्या एका फोनमधून महिना आधी. फाइलमधले मेसेज कालक्रमानेच असतात, तेव्हा दोन्ही क्रम लावून बघायचे, ज्यात तारखा मागेपुढे उड्या मारतात तो चुकीचा. हे छान चाललं.

फॉरवर्डचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. येत्या रविवारी म्हणजे मूळ लिहिणाऱ्याचा येता रविवार, आणि मूळ मेसेज कधीचा ते त्यात लिहिलेलं नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात ताईंकडून आलेल्या गठ्ठ्यात एक होता "रविवार दि. ३ मार्च सायं. ६ वा." साधा, स्वच्छ, एकच तारीख. लायब्ररीने ३ मार्च २०२५ दिली, चटकन. फक्त यंदा ३ मार्च सोमवारी आहे. रविवार होता तो २०२४ मधे. म्हणजे गेल्या वर्षीचं आमंत्रण कुणाच्या तरी फोनमधून वर आलं आणि भाबडेपणाने पुढे गेलं.

मी बघितलेल्या दोन्ही लायब्ररी दिवस आणि महिना मिळाला की लिहिलेल्या वाराकडे ढुंकून बघत नाहीत. वार तेव्हाच वापरतात जेव्हा तारीख नसते. जुळत नसेल तर तक्रार नाही, इशारा नाही, काही नाही. मला हे समजतच नाही, कारण आमंत्रण लिहिणारा माणूस वार आणि तारीख दोन्ही लिहितो ते उगाच नाही, एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळावं म्हणूनच ही पद्धत आहे. फुकट मिळालेला चेकसम, म्हणजे चूक पकडायची सोय, आहे हा, आणि आपण तो टाकून देतोय.

मग आजचा पूर्ण दिवस वारावरच घालवला. वार हाताशी असला की काय काय निघतं बघा. तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन, त्यामुळे लागोपाठच्या पाच वर्षांत एकच तारीख एकाच वारी दोनदा येत नाही. म्हणजे "रविवार ३ मार्च" एवढ्यावरून अलीकडचं वर्ष नक्की होतं. महिना नसेल तरी चालतं बऱ्याचदा, पहिल्या नमुन्यातलं "शनिवारी दि. १८" घ्या, २०२५ मधे १८ तारखेला शनिवार फक्त जानेवारीत आणि ऑक्टोबरमधे येतो, आणि जानेवारीत आलेला मेसेज ऑक्टोबरचं "येत्या" म्हणणार नाही. दिवस-महिन्याचा क्रमही सुटतो, "शनि. ८/३" म्हणजे ८ मार्च, कारण ३ ऑगस्टला रविवार.

नियम आता असा. तारीख आणि वार दोन्ही आहेत आणि जुळतात, कॅलेंडरवर सरळ. जुळत नाहीत पण गेल्या वर्षाशी किंवा त्याच्या मागच्याशी जुळतात, जुना फॉरवर्ड, बाद, पण ताईंना यादी जाणार. कशाशीच जुळत नाही, म्हणजे लिहिणाऱ्याचं टायपिंग चुकलंय, तिथे तारीख खरी की वार खरा हे मी ठरवणार नाही, फोन करून विचारायचं. वार नाहीच, तर कॅलेंडरवर जाईल पण फिकट रंगात, मित्राला सांगितलंय.

मित्राचं म्हणणं होतं की एवढे मेसेज अडवले तर कॅलेंडर रिकामं दिसेल. दिसू दे. राहून गेलेला कार्यक्रम ग्रुपवर कळतोच, पण चुकीच्या दिवशी रिक्षा करून गेलेले आजोबा पुन्हा हे कॅलेंडर उघडणार नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

शिवजयंती झाली आणि अर्धी व्हायची आहे. शासनाची १९ फेब्रुवारीला, तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे यंदा १७ मार्चला. "शिवजयंतीनिमित्त व्याख्यान" एवढंच लिहिलेला मेसेज दोन्हीपैकी कुठल्याही दिवसाचा असू शकतो. नुसत्या सणाच्या नावावरून तारीख ठरवायची नाही, ठरलं.

तिथ्या कोडमधे मोजाव्यात का यावर थोडा विचार केला. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी, आणि सूर्योदयाला जी चालू असेल ती त्या दिवसाची. चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत संपते, कधी सव्वीस तास चालते, म्हणून एखादी क्षय होते, एखादी दोन दिवस राहते. बेरीज-वजाबाकी करून हे येत नाही, खगोलाची आकडेमोड लागते, ती करणाऱ्या लायब्ररी आहेत, पण आपल्या मेसेजमधे तिथी एकटी क्वचितच येते, सोबत इंग्रजी तारीख असतेच. तेव्हा पंचांगातून वर्षभराचं टेबल हाताने भरलं, आणि तिथीचा उपयोगही वारासारखाच, ताडून बघायला.

शक मात्र धोक्याचा. "फाल्गुन २४, शके १९४६" हे साल इसवी १९४६ समजलं गेलं तर संपलंच. त्यातही दोन फाल्गुन आहेत. २२ मार्च १९५७ ला भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, १ चैत्र १८७९, ती सौर आहे, महिन्यांचे दिवस ठरलेले. राजपत्रावर असते ती हीच. आणि घरातल्या पंचांगातला शक तोच, पण महिने चांद्र. १५ मार्च २०२५ हा राष्ट्रीय दिनदर्शिकेत फाल्गुन २४ आणि पंचांगात फाल्गुन वद्य १. ओळखायची खूण, शुद्ध किंवा वद्य आलं की पंचांग, आणि आकडा पंधराच्या वर असेल तर राष्ट्रीय, कारण पंधरवड्यात सोळावी तिथी नसतेच. "शके" नंतरचा चार आकडी अंक आधीच झाकून टाकतो, तो वर्ष शोधणाऱ्या पॅटर्नला दिसतच नाही.

८ मार्च, शनिवार

एका मेसेजमधे अनेक तारखा. मराठी भाषा गौरव दिनाचे मेसेज अजून गठ्ठ्यात येतायत, त्यात "२७ फेब्रुवारी १९१२ रोजी जन्मलेल्या कुसुमाग्रजांच्या" अशी सुरुवात आणि कार्यक्रमाची तारीख पार खाली. "रोजी" ही चांगली खूण आहे पण जन्मही रोजीच होतो. म्हणून चार आकडी वर्ष असेल आणि ते मेसेजच्या वर्षाच्या मागचं असेल तर ती तारीख इतिहासाची. उरलेल्यांत जिच्या जवळ वेळ लिहिलीये ती कार्यक्रमाची. प्रवेशिका मिळण्याची तारीख वेगळी असते, तिथे "पासून" किंवा "पर्यंत" असतं.

"दि. १४, १५ व १६ मार्च" मधे महिना शेवटच्यालाच लागलेला, तो मागच्यांना वाटून द्यायचा. "२८ ते २ मार्च" मधे पहिला अर्थातच फेब्रुवारीचा, शेवट सुरुवातीच्या आधी पडला की महिना एक मागे. "दर रविवारी" हे रिपीट म्हणून कॅलेंडरवर जातं, शेवट कधी ते कुणी लिहीत नाही, तीन महिने धरलेत. आणि "शनिवारी रात्री १२ वा." शनिवार संपताना, की शनिवार सुरू होताना? सगळे संपताना म्हणतात, कॉम्प्युटर सुरू होताना म्हणतो. रात्री आणि बारा एकत्र आले की दिवस एक पुढे.

१६ मार्च, रविवार

पाडव्याचे मेसेज सुरू झाले, रविवार दि. ३० मार्च, पहाटे ५.३० वा., वार जुळतो, तिथी जुळते, सरळ गेले. उद्याच्या तिथीच्या शिवजयंतीचे काही फिकट रंगात आहेत, त्यात वार नाही.

कोड बघितला तर डेटपार्सरकडे आता एवढंच काम उरलंय, मी साफ करून, प्रत्यय काढून, वेळ झाकून दिलेला छोटा तुकडा घ्यायचा आणि तारीख द्यायची, सोबत दिवस आणि महिना दोन्ही मिळालेच पाहिजेत अशी अट, रिक्वायर-पार्ट्स नावाचं सेटिंग आहे त्यासाठी. मित्र म्हणाला मग ती काढूनच टाक, तेवढं तर तूच लिहिशील. काढणार नाही, ग्रुपवर इंग्रजीतून येणारे मेसेज ती माझ्यापेक्षा चांगले वाचते, आणि "उद्या"सारखे शब्द तिच्याकडे तयार आहेत.

ताईंनी विचारलं, मंडळांना एक ठरलेला नमुनाच देऊ या का, तारीख अशी लिहा, वेळ अशी लिहा. मी म्हटलं नको ताई, कुणी पाळणार नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्या काकांना आपला मायना सोडवणारही नाही. फक्त एवढं सांगा की वार लिहा. त्या म्हणाल्या सांगते, पण पेठेचं नाव पण लिहायला लागेल ना? लागेल.

पुढचं काम : पत्रिकांचे फोटो. त्यात ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) १ ला ९ वाचतं, त्यामुळे वाराचा तपास तिथेही लावायचा, ११ आणि १९ पैकी कुठला ते तिथे बऱ्याचदा वारावरूनच निघेल.